घंटेनंतरची किक

"मागं सरक, खांब्या. अजून मागं. चेंडू तुझा आहे, तो कुठं पळून जात नाही. घाई केलीस तर मात्र तुझा राहत नाही."

नेव्हिल लॉरिमरचा हा आवाज ऑल्विन ट्रेगियरच्या कानात कधी येईल याचा भरवसा नव्हता. गव्हाची पोती काट्यावर चढवताना यायचा, दाढी करताना यायचा, आणि शनिवारी मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये घंटेची दोरी धरून बसलं, की हमखास यायचा. नेव्हला जाऊन सहा वर्षं होत आली होती. ऑल्विनच्या कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते, आणि नेव्हचा आवाज मात्र होता तसाच, विशीतल्या पोराचा.

दोघं कराबूल गावचे. एकाच शाळेतले, एकाच चर्चमधले आणि एकाच मैदानावर धडपडलेले. ऑल्विन बारा वर्षांचा असतानाच दारात वाकून शिरायला लागला होता, म्हणून नेव्हनं त्याचं नाव खांब्या ठेवलं. नेव्ह स्वतः बुटका, आखूड पायांचा आणि डावखुरा. पण त्याच्या त्या डाव्या पायातून सुटलेला चेंडू मैदानाच्या पश्चिमेकडच्या, गोलच्या उंच खांबांमधून असा जायचा, की गोठ्याकडे वळलेली गाय वाटावी. कोणी हाकायला नको, कोणी बोलवायला नको.

नेव्हची आई, लॉरिमरबाई, विधवा आणि फार धर्मनिष्ठ बाई. सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय चहा घ्यायची नाही आणि रविवारी घरात सुईसुद्धा उचलायची नाही. मग चेंडू तर लांबच. शनिवारी संध्याकाळ झाली, की ती नेव्हचा चेंडू घेऊन परसातल्या धुण्याच्या खोपटात जायची, कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात ठेवायची आणि वर लाकडी झाकण घालायची. सोमवारी धुण्याचा दिवस. हंड्यात पाणी भरायच्या आधी चेंडू बाहेर निघायचा, आणि तोवर नेव्ह खोपटाच्या दारात अनवाणी उभाच असायचा. ऑल्विन कुंपणापलीकडे. "आई, तो आत गुदमरतो," नेव्ह म्हणायचा. "एक दिवस देवासाठी गुदमरला तर मरत नाही," असं लॉरिमरबाईचं ठरलेलं उत्तर.

युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात शहरातल्या क्लबचा माणूस कराबूलला आला तो नेव्हला बघायला. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. नेव्हनं त्या दिवशी अवघड कोनातून गोलांवर गोल केले. माणसानं वही मिटली, टोपी घातली आणि ऑल्विनच्या खांद्यावर हात ठेवला. शहरात नेम धरणारे पुष्कळ होते, उंच माणसं सगळी सैन्यात चालली होती. गाव हळहळलं. नेव्ह तेवढा हसला. "चला, पीक इथंच राहिलं आणि खांब गेला," म्हणाला, आणि ऑल्विनच्या बुटांना चरबी चोळून देत बसला. नवे बूट तेव्हा महाग झाले होते. कातडं कोरडं पडू द्यायचं नाही हे त्यानं ऑल्विनला तीनतीनदा बजावलं, जणू बूट त्याचेच शहराला चालले होते.

ऑल्विन शहरात दीड हंगाम खेळला. मोठ्या मैदानावर पहिल्या दिवशी कठड्याला रेललेली एक म्हातारी, विणकाम मांडीवर ठेवून, खणखणीत आवाजात ओरडली होती, "अगं बाई, कुणाच्या शेताचं कुंपण उपटून आणलंय?" सगळा कठडा हसला. पुढच्याच मिनिटाला तीन जणांच्या डोक्यांवरून त्यानं चेंडू झेलला, तेव्हा तीच म्हातारी उभी राहून टाळ्या वाजवत होती. पेपरात दोनदा नाव आलं. एकदा फोटोही आला, हवेत ताणलेला, बोटं पसरलेली. ते सगळं खरं होतं आणि गोड होतं. पण दर शनिवारी चेंडू हातात आला, की गोलकडे बघायच्या आधी तो एका बुटक्या पोराला शोधायचा, आणि मग आठवायचं, की तो इथं नाही.

म्हणून नेव्हनं सैन्यात नाव घातल्याचं कळलं, तेव्हा ऑल्विननंही घातलं. लोक म्हणाले देशासाठी. तसंही असेल.

पुढचं त्यानं गावात कोणाला फारसं सांगितलं नाही. सिंगापूर पडलं आणि दोघं एकाच कैदखान्यात आले. तिथं सुरुवातीला अंगात थोडं बळ होतं, तेव्हा पोरांनी संघ पाडून सामने सुरू केले. बूट कोणाकडे नव्हते. घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा झाडाला टांगला होता. पंच एक दंतवैद्य होता. नियमांत तो कोणाच्या बापाचं ऐकायचा नाही.

कैद्यांना उत्तरेला रेल्वेच्या कामावर नेणाऱ्या गाड्या भरायला लागल्या त्याच्या आदल्या दुपारी शेवटची मॅच झाली. नेव्ह आणि ऑल्विनचा संघ चार गुणांनी मागं होता. ऑल्विननं गर्दीतून चेंडू लांब मारला, आणि नेव्हनं तो गोलच्या उजव्या अंगाला, हवेत, छातीवर झेलला. लगेच रूळ वाजला.

या खेळात असा झेल घंटेआधी घेतला, तर घंटा झाल्यावरही हक्क जात नाही. सगळे थांबतात. झेलणाऱ्यानं मागं जायचं, निवांत उभं राहायचं, आणि किक मारायची. मधल्या उंच खांबांतून गेली तर सहा गुण, बाजूच्या ठेंगण्या खांबांतून गेली तर एक. आणि झेलणाराच उभा राहू शकला नाही, तर त्याच्या संघातला जो त्याला सर्वांत जवळ असेल, त्यानं ती मारायची.

नेव्ह मागं गेला. अजून मागं गेला. मग एकाएकी खाली बसला, दमलेलं मूल बसतं तसा. पाय सुजले होते, त्यांनी त्याला सोडलं. ऑल्विन धावला. सर्वांत जवळ तोच होता. पंच म्हणाला, "ट्रेगियर, तू मार." ऑल्विन चेंडूला हात घालणार तोच पहारेकऱ्यांची शिट्टी झाली, हजेरीची. हजेरीला थांबणं नसतं. सगळे पळाले. पळता पळता तो दंतवैद्य मागं वळून ओरडला, "झेल मान्य आहे. किक बाकी आहे."

त्या रात्रीपासून तो विनोद झाला. गाडीच्या डब्यात उभ्यानं झोपताना कोणीतरी म्हणायचं, नेव्हची किक बाकी आहे, आणि हसू फुटायचं. रेल्वेच्या कामावर दगड वाहताना, भाताच्या पाण्यासाठी रांगेत उभं असताना, कोणी रडकुंडीला आलं की दुसरा म्हणायचा, अरे थांब, अजून हरलो नाही, नेव्हची किक बाकी आहे. नेव्हलाही ते आवडायचं. शेवटी त्याला आवाज उरला नव्हता, तेव्हा त्यानं ऑल्विनला खाली वाकायला लावलं.

"आता ती तुला मारायला लागणार, खांब्या. नियमच आहे. पण इथं नको. आपल्या मैदानावर. पश्चिमेच्या खांबांत."

"मारीन," ऑल्विन म्हणाला.

"आणि मागं सरक जरा. तू नेहमी घाई करतोस."

ऑल्विन परत आला तो एका पायानं अर्धा. उजव्या नडगीवर जखम होऊन तिनं हाडापर्यंत खाल्लं होतं. पाय राहिला, पण घोटा आखडला. शहरातल्या क्लबनं त्याला आपुलकीनं बोलावलं. म्हातारा ट्रेनर त्याच्या पायाला तेल चोळत बसला. चोळत राहिला. इतर पोरं मैदानावर जाऊन आली तरी तो चोळतच होता. ऑल्विनला उमगलं. त्यानं ट्रेनरचा हात हलकेच धरून थांबवला, आभार मानले आणि संध्याकाळची गाडी पकडली.

कराबूलनं त्याला गव्हाच्या काट्यावर नोकरी दिली आणि क्लबनं घंटा. मॅचची वेळ सांभाळायची, खेळाचा पाव भाग संपला की दोरी ओढायची. पोरं त्याला मानायची. सरावानंतर चेंडू घरंगळत त्याच्या शेडपाशी आला, तर तो हातानं उचलून द्यायचा, पायानं कधी मारायचा नाही. लोकांना वाटायचं, पायामुळे. पण डावा पाय धड होता, आणि आखडलेल्या उजव्यावर भार टाकून माणूस डाव्यानं किक मारू शकतो, हे ऑल्विनला ठाऊक होतं. मारली नाही एवढंच. एक किक मारली असती तर मॅच संपली असती. जिंकलो असतो किंवा हरलो असतो, पण संपली असती, आणि नेव्ह नुसताच मेलेला माणूस झाला असता, गावच्या सभागृहात युद्धात गेलेल्यांच्या फळीवरच्या सोनेरी नावांतला एक. आता निदान तो मागं जाऊन उभा तरी होता, चेंडू हातात घेऊन.

हंगामाच्या आधीच्या बैठकीत क्लबचा सचिव ऑसी पेंगेली यानं खांबांचा विषय काढला. पश्चिमेकडचे खांब वाळवीनं पोकळ केले होते. ऑसीनं बोटानं टकटक केलं तर ढोलकीसारखे वाजले म्हणे. नवे खांब लाकडाच्या गिरणीतून आले होते. सोमवारी सकाळी ट्रॅक्टर लावून जुने उपटायचे, आणि ते चर्चच्या सहलीला जाळायला द्यायचे, असं ठरलं. कोणाची हरकत? कोणाचीच नव्हती. ऑल्विननं इतरांबरोबर हात वर केला, आणि घरी जाताना वाटेत सायकलवरून उतरून बराच वेळ नुसता उभा राहिला.

शनिवारी दुपारी, हंगाम नसताना जायचा तसा, तो लॉरिमरबाईकडे गेला. तिच्या चुलीसाठी झाडांची टणक मुळं फोडून द्यायची हा त्याचा आल्यापासूनचा रिवाज. मुळं फोडून झाली, की ती चहा आणि खरपूस भाजलेला बन द्यायची. दोघं मागच्या पायरीवर बसायचे आणि पाऊसपाण्याचं, कोंबड्यांचं बोलायचे. नेव्हचं नाव निघायचं नाही असं नाही, पण लहानपणाच्या नेव्हचं निघायचं. त्या कैदखान्याच्या दारापाशी आलं, की दोघंही मागं फिरायचे.

आज बन तसाच राहिला. लॉरिमरबाईनं ते बघितलं. ऊन उतरलं तशी ती उठली, आत गेली आणि नेव्हचा चेंडू घेऊन आली. दर शनिवारचंच ते. चेंडू जुना, कडेनं पुन्हा शिवलेला, पण कातडं मऊ होतं. दर आठवड्याला ती त्याला चरबी चोळत होती.

ती खोपटाकडे वळली आणि दारात थांबली.

"खांब सोमवारी काढणार म्हणे."

"हो. वाळवी लागलीय."

"ऑसीची बायको सांगत होती. मग?" ती म्हणाली. "किक कधी मारतोस?"

ऑल्विननं पेला खाली ठेवला. तिला कोणी सांगितलं, हे त्यानं विचारायच्या आधी तिनंच सांगितलं. तीन वर्षांपूर्वी कृषिप्रदर्शनात एक परगावचा माणूस तिच्या जॅमच्या बरण्या बघत उभा राहिला होता. नाव वाचून त्यानं विचारलं, की आमच्या नेव्हच्या तुम्ही कोण? तो त्याच कैदखान्यात होता. मग त्यानं हसत हसत सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता टोपी काढून तिथंच रडला. तिनं त्याला बरणी दिली.

"तीन वर्षं तुम्हाला माहीत होतं, मिसेस लॉरिमर?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"शब्द तू दिला होतास. मी कशी मागू?" ती खोपटाच्या उंबऱ्यावर बसली. तिला असं बसलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. "आणि खरं सांगायचं तर मलाही घाई नव्हती. तू मुळं फोडायला आलास, की मी तुझ्या बुटांकडे बघायची. माती लागलीय का मैदानाची. नसली, की बरं वाटायचं. वाईट आहे ना?"

ऑल्विन म्हणाला, की तसं असेल तर तोही वाईटच आहे. मग हळूहळू, थांबत थांबत, त्यानं तिला ते सांगितलं जे कोणाला सांगितलं नव्हतं. एका किकेनं नेव्ह संपेल, आणि हाताला काही उरणार नाही. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. बोलून झाल्यावर ती चेंडूवरून अंगठा फिरवत राहिली.

"माझं ऐक. मी हा दर शनिवारी हंड्यात ठेवते," ती म्हणाली. "चर्चमध्ये सगळ्यांना वाटतं, काय बाई नेमाची आहे. नेमाचं काही नाही त्यात. सोमवारी झाकण काढताना क्षणभर मला दारात पावलं वाजल्यासारखी वाटतात. त्या क्षणासाठी ठेवते. देवाच्या नावावर, माझ्यासाठी. देवाला ते कळत नसेल होय?"

कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या होत्या. रस्त्यावरून कोणाची तरी गाडी धूळ उडवत गेली.

"नियम काय आहे?" तिनं विचारलं. "झेलणारा उभा राहू शकला नाही, तर कोणी मारायची?"

"जवळ असेल त्यानं."

"मग तुझ्याहून जवळ कोण होतं?"

ती उठली आणि खोपटात गेली. झाकण सरकल्याचा आवाज आला, पुन्हा बसल्याचा आला. बाहेर आली तेव्हा चेंडू तिच्या हातातच होता. हंडा रिकामाच झाकला होता तिनं. चेंडू तिनं त्याच्या मांडीवर ठेवला.

"उद्या प्रार्थना झाली की जा."

"उद्या रविवार आहे, मिसेस लॉरिमर."

"मला वार कळतात, ऑल्विन."

ती जरा हसली. नेव्ह हसायचा तशीच, एका गालानं. "चाळीस वर्षं रविवार पाळलाय मी. देवानं त्यातला एक परत दिला तर त्याचं काही बिघडणार नाही. आज उजेड उरला नाही आणि सोमवारी खांब नसतील. आणि हे बघ, गोल झाला की नाही ते मला सांगू नकोस. किक झाली एवढं सांग. मी चहा ठेवीन."

"डाव्या पायानं मारावी लागेल."

"तो काय म्हणायचा तुझ्या डाव्या पायाला?"

"सरपणाचा ओंडका."

"मग घाई करू नकोस," लॉरिमरबाई म्हणाली.

रविवारी सकाळी चर्चमध्ये ऑल्विन शेवटच्या बाकावर बसला, पाय वाटेत लांब करून, नेहमीसारखा. चेंडू कोटात गुंडाळून शेजारी ठेवला होता. पुढच्या बाकावर लॉरिमरबाईची करडी टोपी दिसत होती. शेवटचं स्तोत्र तिनं इतरांपेक्षा किंचित मोठ्यानं म्हटलं. बाहेर पडताना ती त्याच्याजवळून गेली, थांबली नाही. हातमोज्यातली बोटं फक्त त्याच्या बाहीला लावली आणि घराच्या वाटेला लागली. चहा ठेवायचा होता.

ऑल्विननं पायरीवर येऊन कोट उलगडला आणि अंगात घातला. चेंडू उघडा पडला, रविवारच्या उन्हात, साऱ्या गावासमोर. बोलणी थांबली. ऑसी पेंगेलीनं तोंड उघडलं. त्याच्या बायकोनं त्याच्या कोपराला हात लावला, आणि त्यानं ते मिटलं. टोपी मात्र काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मैदान चर्चच्या पाठीमागंच होतं. हंगाम नसला, की तिथं पेंगेलीच्या मेंढ्या चरायच्या. ऑल्विन लंगडत, चेंडू काखेत धरून, तारेच्या फाटकापाशी आला. चेंडूला चरबीचा वास येत होता, आणि त्याच्याखाली, अगदी पुसट, साबणाच्या पाण्याचा. त्यानं फाटक उघडलं, आत गेला, आणि मेंढ्या बाहेर पडू नयेत म्हणून मागं वळून कडी नीट घातली. पलीकडे, आभाळाला टेकलेले चार पोकळ खांब उभे होते.

उजव्या अंगाची ती जागा त्याला ठाऊक होती. तिथं दोन मेंढ्या बसल्या होत्या. "उठा ग बायांनो, जरा," तो हळूच म्हणाला, आणि त्या उठून बाजूला होईपर्यंत थांबला. मग खांबांकडे तोंड करून, एक पाऊल, अजून एक पाऊल, तो मागं जायला लागला.